वर्दीची जरब

शप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे!

नव्या पोलिसाची गस्तीची पहिलीच सकाळ. मिशीला पीळ देत हवालदार त्याला वाटभर टोचत होते. "पाय लटपटतायत का रे, बाळ? जरब पाहिजे, जरब! आज शेपूट घातलंस, तर कायमचा घरी पाठवीन."

तेवढ्यात बाजारात दोन हमाल पोती ओढायचे आकडे उगारून एकमेकांवर धावले. बाळाने घाबरून तोंडातली शिट्टीच गिळली. नोकरी गेली खड्ड्यात, म्हणत तो भाजीच्या हातगाडीमागे दडला. तिथे हवालदार आधीच उकिडवे बसलेले!

"सरका की, साहेब," म्हणताना पोटातून शिट्टी वाजली.

"हळू बोल, गाढवा!"



बरं, एक थाप मारली. शिट्टीचं खरंच आहे. हातगाडी तेवढी नव्हती. दोघं माझ्या पाठीमागे लपले होते.