पाच पॉइंट वीस

जोयड्यात घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या सुदेशचा ऑफिसात नव्यानं कामाला लागलेल्या मनीषावर संशय होता. ती आधी रामनगरच्या दुसऱ्या नेटवाल्याकडं कामाला होती आणि ती आल्यापासूनच गिऱ्हाइकांचं नेट बंद पडायला लागलं होतं. प्रत्येक घराचा नेटवरचा पत्ता एक्सेलमध्ये भरायचं काम तिचं. अणशीच्या एका घराला सुदेशनं दिलेला ५.२० हा पत्ता तिथं ५.२ झालेला सापडला. ५.२ तर कुंभारवाड्यातल्या घराचा! एकच पत्ता दोघांना गेल्यामुळं दोन्हीकडचं नेट बसलं होतं.

“मी वीसच घातलंय, अण्णा,” मनीषा म्हणाली.

“मग शून्य काय वाऱ्यानं उडालं व्हय?”

‘चोरांचं भ्या हाय’ असं सांगून त्यानं तिच्या टेबलावर, बरोबर स्क्रीन दिसेल असा कॅमेरा बसवला.

दुसऱ्या दिवशी तो अणशीला दुरुस्तीला गेला आणि तिथनंच मोबाइलवर तिला बघत बसला. मनीषानं ५.२० टाइप केलं, एंटर दाबलं, आणि शेवटचं शून्य आपोआप गायब झालं. तिनं परत टाइप केलं. परत तेच. एक्सेल त्या पत्त्याला साधा दशांशाचा आकडा समजून शेवटचं शून्य गाळून टाकत होतं.

सुदेशच्या जिवात जीव आला. पोरगी खरी होती.

तेवढ्यात मनीषानं मान वर करून थेट कॅमेऱ्यात बघितलं.



“दिसलं न्हवं, अण्णा? आता उद्यापासनं दुसरी कोण तरी बघा.”