हात लावू नकोस

काडेपेटीहून थोड्याच मोठ्या कॉम्प्युटर-बोर्डाला स्पीकर आणि माइक जोडून श्रीरंगने घरच्या घरी गाण्यांचं यंत्र बनवलं होतं. आईने कौतुकाने भजनी मंडळाच्या बायकांना ऐकायला बोलावलं. "माझ्या मुलाने केलंय हो," ती प्रत्येकीला सांगत होती.

यंत्र मनाला येईल ते गाणं लावत होतं. दोन अभंग झाले, एक गवळण झाली. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला. मग एकदम खरखर झाली आणि श्रीरंगचाच आवाज खोलीभर घुमला : "आई, किती वेळा सांगितलं, याला हात लावू नकोस म्हणून! निघाली ना वायर? अक्कल कधी येणार तुला?" पाठोपाठ आईचा, बारीक : "चुकलं बाबा. फडका मारत होते."

माइक तपासताना झालेलं ते रेकॉर्डिंग गाण्यांतच पडून राहिलं होतं.

टाळ्या थांबल्या. कॉफीचा ट्रे धरून श्रीरंग दारातच थिजला.

"श्रुतिका आहे ती, रेडिओवरची," आई हसून म्हणाली. "मला आवडते म्हणून मुद्दाम घातलीय त्याने."

"अगंबाई, किती खरं वाटतं!" दातारकाकू म्हणाल्या.

यंत्रातला श्रीरंग अजून ओरडतच होता. बंद करायचं बटण आईच्या अगदी हाताशी होतं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.