भोपळ्याचं खाणं

"भोपळा आज पुन्हा उलटा झालाय," असं म्हणत ताईने त्याच्या खाण्याचे तिन्ही डबे आजींसमोर ठेवले.

भोपळा म्हणजे दातांच्या दवाखान्यातल्या काचेच्या टाकीमधला सगळ्यात लठ्ठ गोल्डफिश. खाऊन झालं की त्याचं पोट वर यायचं आणि तासभर तो तसाच तरंगत राहायचा. वाट बघणाऱ्या पेशंटांची आधीच पाचावर धारण बसलेली, त्यात डोळ्यांसमोर हा देखावा. पाणीही सदा गढूळ. डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत पाणी स्वच्छ आणि मासा सरळ दिसला नाही, तर टाकी जाईल आणि तिथे टीव्ही येईल.

काउंटरवर बसून दिवसभर लोकांचं कण्हणं ऐकायचं, हे ताईचं काम. त्या टाकीचाच काय तो तिला विरंगुळा होता. तिने डॉक्टरांपुढे दाताच्या कण्या केल्या, तेव्हा कुठे महिन्याची मुदत मिळाली होती.

आजी दर मंगळवारी यायच्या. डावा गाल हाताने धरून टाकीशेजारच्या खुर्चीत बसायच्या. दाढ दुखते म्हणायच्या, पण नंबर आला की घोडं अडायचं. "त्या बाईंचा गाल बघ किती सुजलाय, त्यांना जाऊ दे आधी." मग त्यांच्या मागचा, मग त्याच्याही मागचा आणि शेवटी, "आज राहू दे गं, पुढच्या मंगळवारी नक्की."

ताईने घाबरट माणसं पुष्कळ पाहिली होती. एक धिप्पाड पहिलवान तर भुलीची सुई पाहूनच चपला विसरून पळाला होता. त्यामुळे ती आजींना टोकायची नाही. शिवाय आजींना माशांतलं कळत होतं. नवरा होता तेव्हा त्यांच्या घरात सहा टाक्या होत्या. आता त्या मुलाकडे राहत होत्या आणि तिथे टाकीला जागा नव्हती. सून स्वभावाने चांगली, पण घरात पाण्याची सांडलवंड तिला खपत नसे.

आजींनी पहिला डबा उघडून वास घेतला. "हे पापुद्रे. दिसायला छान, पण तरंगतात. हा हावरट वर येऊन खातो आणि निम्मी हवाच गिळतो. उरलेले विरघळून पाणी नासवतात."

दुसऱ्या डब्यात तरंगणाऱ्या गोळ्या होत्या. "यांनी पाणी एवढं नासत नाही, पण हवा गिळणं तेच."

तिसऱ्यात बुडणाऱ्या बारीक गोळ्या होत्या. त्यातली एक त्यांनी चिमटीत दाबून पाहिली. "हीच घाल."

"आठवडाभर तीच तर घालतेय, आजी. तरी उलटा झाला."

"कोरडीच घातलीस ना? मग पोटात जाऊन फुगते ती. आधी पाच मिनिटं पाण्यात भिजव. चावायची सोय नसेल, तर मऊ करूनच द्यावं." आजींनी ताईने दिलेलं बिस्किट चहात बुडवलं आणि सावकाश तोंडात टाकलं. "आणि किती घालतेस?"

"मूठभर."

"मूठभर? अगं, त्याचं पोट त्याच्या डोळ्याएवढं. तेवढंच घाल. रविवारी दवाखाना बंद असतो ना, तेव्हा राहू दे उपाशी. काही होत नाही त्याला."

"नाही जमलं तर टीव्ही येणार हो इथे."

आजींनी चहाचा कप खाली ठेवला. उजव्या गालावर हात ठेवून बराच वेळ टाकीकडे बघत राहिल्या. दुखणं फारच वाढलेलं दिसतंय, असं ताईला वाटलं आणि तिला त्यांची दया आली.

त्या दिवसापासून ताई बशीत गोळ्या भिजवू लागली. डोळ्यात तेल घालून एकेक गोळी मोजू लागली. चौथ्या दिवशी भोपळा खाऊन झाल्यावरही सरळ पोहत राहिला. दोन आठवड्यांत पाणी असं निवळलं, की तळाचे खडे मोजता यावेत. एक लहान मुलगी तर आपला नंबर लागलाय हे विसरून काचेला नाक लावून बसली.

महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी डॉक्टर बाहेर आले आणि कमरेवर हात ठेवून टाकीपुढे उभे राहिले. "राहू दे टाकी," ते म्हणाले. ताईचा जीव भांड्यात पडला. "पण केलंस काय?"

"मी नाही, या आजींनी केलं." ताईने खुर्चीकडे बोट दाखवलं.

"मग आज सगळ्यात आधी आजी," डॉक्टर म्हणाले. "चला. दुखणं अंगावर काढू नये."

"पुढच्या मंगळवारी," आजी घाईघाईने म्हणाल्या. "या काकांना जाऊ द्या आधी."

ताईने त्यांचा हात हातात घेतला. "आजी, डॉक्टरांचा हात फार हलका आहे. मी थांबते तुमच्याजवळ. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, मला तुमच्यासाठी एवढं करू द्या."

आजी नाइलाजाने उठल्या. ताईने त्यांना आत नेलं, मोठ्या खुर्चीत बसवलं आणि गळ्याभोवती कागदी रुमाल बांधला. डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला.

"हं, आजी. कुठली दाढ दुखते?"

आजींनी एकदा ताईकडे पाहिलं, एकदा दारातून दिसणाऱ्या टाकीकडे. मग तोंडात हात घालून त्यांनी वरची अख्खी कवळी काढली, पाठोपाठ खालची काढली आणि दोन्ही डॉक्टरांच्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या.

"तुम्हीच बघा," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "यातली कुठलीही चालेल."