पाच तबकड्यांची पैज

"आवाज पूर्ण वर राहू दे," दाजी म्हणाले. "बाळ उठलं तर उठू दे. आज निकाल लागलाच पाहिजे."

त्यांनी स्वतःच अॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि खुर्चीत येऊन बसले. समोर त्यांचा मेव्हणा, शिंपी, आधीच ठाण मांडून बसला होता. मध्ये तिपाई, तिपाईवर दोऱ्याची दोन रिकामी रिळं.

भांडण तीस वर्षांचं होतं. दोघांनाही जमैकाच्या रेगे संगीताचं वेड, पण वेड एका जातीचं नव्हे. दाजी घड्याळजी. दिवसभर बिनचूक टिकटिक सांभाळणाऱ्या या माणसाला सत्तरच्या दशकातला रेगे हवा असे. खरा ड्रम, खऱ्या बोटांनी छेडलेली बेस गिटार आणि मुद्दाम सोडून दिलेला पहिला ठोका. शिंप्याला ऐंशीच्या दशकातला, यंत्राच्या ठोक्याचा रेगे प्रिय. "शिलाई कशी, एकसारखी पडली पाहिजे," तो म्हणे. "तुमच्या त्या जुन्या लोकांचा टाका अधूनमधून सुटतो."

"सुटत नाही, सोडतात," दाजी फणकारत. "गाढवाला गुळाची चव काय!"

मागच्या खोलीच्या दोन भिंती दोघांच्या तबकड्यांनी भरल्या होत्या. आता शिंप्याची भाची तीन महिन्यांचं बाळ घेऊन कायमची राहायला आली होती आणि एक भिंत रिकामी करणं भाग होतं. कुणाची, हे कसं ठरवायचं ते ताईने सांगितलं. ताई म्हणजे दाजींची बायको आणि शिंप्याची थोरली बहीण.

"पाच रेकॉर्ड्स लावीन," ती म्हणाली होती. "नुसतं ऐकून काळ ओळखायचा. जिंकेल त्याच्या राहतील. हरेल त्याच्या विकून टाकू. ज्याला ऐकून कळत नाही, त्याने साठवून तरी काय करायचं?"

ते वाक्य शिंप्याच्या जिव्हारी लागलं होतं. कारण गेली दोन वर्षं त्याला संगीत ऐकूच येत नव्हतं.

हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. ताई घरात सगळ्यांशीच मोठ्याने बोलायची, ते त्याच्या पथ्यावर पडायचं. बाकीचं तो ओठांवरून ओळखायचा. दाजींनी मिशी ठेवली नव्हती, हे त्याचं नशीब. दाजी तर ताई बोलत असली की तिच्या तोंडाकडे बघतच राहायचे, इतक्या वर्षांनीही. शिंप्याला त्याचं कौतुक वाटे.

त्याने ठरवलं होतं, हरायचं नाही. त्याच्यापाशी दोन युक्त्या होत्या. एक म्हणजे त्याचे तळवे. खर्ज जमिनीतून वर येतो, म्हणून आज तो मुद्दाम अनवाणी बसला होता. दुसरी युक्ती दाजी. आवडीचं काही लागलं की दाजींचा उजवा पाय ठेका धरायचा.

"रीळ उभं ठेवलं तर जुना काळ, आडवं ठेवलं तर नवा," ताईने बजावलं. ती इस्त्रीचं टेबल मांडून उभी होती, बाळाच्या झबल्यांचा ढीग शेजारी. इस्त्रीचा प्लग लावायला ती खाली वाकली, मग उठून तिने, वेष्टन दिसू नये म्हणून टॉवेलाआड, पहिली तबकडी लावली. तबकडी फिरू लागली. सुई टेकली.

शिंप्याने तळवे जमिनीवर दाबले.

काहीच नाही.

त्याने पाय सरकवून पाहिले, टाचा दाबून पाहिल्या. जमीन मुकी होती. कान गेले तेव्हा तो रडला नव्हता. तळवे आहेत, असं त्याने मनाला समजावलं होतं. आता तेही गेले. पण रडायला वेळ नव्हता. उरले फक्त दाजी.

त्याने मान वर केली. दाजी त्याच्याकडेच टक लावून बघत होते.

चोरी पकडली, असं त्याला वाटलं. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने हलकेच मान डोलावली. तोच दाजींचा पाय हलू लागला. शिंप्याने सुटकेचा निःश्वास टाकला. जुना! त्याने रिळाला हात घातला, दाजींनीही घातला. दोन्ही रिळं उभी राहिली.

ताईने दोघांकडे पाहिलं. मग एक झबलं घडी करून ठेवलं.

दुसऱ्या तबकडीला दाजींचा पाय स्थिर राहिला. शिंप्याने रीळ आडवं केलं, पाठोपाठ दाजींनी. तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक वेळी शिंप्याने दात आवळून त्या एका पायावरची नजर हलू दिली नाही, आणि प्रत्येक वेळी रिळं सारखीच पडली.

"काय तो खर्ज!" पाचव्या तबकडीला दाजी म्हणाले.

"खर्ज खराच," शिंपी म्हणाला. "पण टाका सुटतोय."

ताईचा हात झबल्यावर थांबला. तिने पदराने डोळे टिपले. इस्त्रीची धग लागली असेल.

"दोघांचेही पाचच्या पाच बरोबर," ती मोठ्याने म्हणाली. "कुणाच्याही विकायच्या नाहीत. एक भिंत, दोघांची अर्धी अर्धी. उरलेल्या तुम्ही माळ्यावर ठेवा आणि भांडत बसा."

शिंप्याला हुंदका फुटायचा बाकी होता. दाजींनी पुढे वाकून त्याच्या गुडघ्यावर थाप मारली. त्यांचा हात घामाने ओला होता.

"झाली माझी इस्त्री," ताई म्हणाली.

पाचवी तबकडी अजून फिरत होती. ताई खाली वाकली. तिने इस्त्रीचा प्लग काढला आणि त्या जागी अॅम्प्लिफायरचा पुन्हा लावला.

शिंप्याच्या तळव्यांखालची जमीन एकदम थरारली. आतून भाची बाळाला छातीशी धरून धावत आली. बाळाचं तोंड रडून लालबुंद झालं होतं. आणि समोर दाजी दचकून आपल्याच अनवाणी पायांकडे बघत होते.