रिकाम्या खुर्चीभोवतीची चौकट

घरच्या फोटोंसाठी चिदंबरने बसवनगुडीच्या घरात स्वतः सर्व्हर जोडला, पण कुठल्याच ऑपरेटिंग सिस्टीमवर त्याचा भरवसा बसेना. पहिलीने उगादीच्या फोटोतले चेहरे ओळखताना त्याच्या लेकीशेजारच्या, सिंचनाशेजारच्या, रिकाम्या खुर्चीवरही चौकट आखली: ‘अनोळखी व्यक्ती’.

त्याने डिस्क पुसून दुसरी घातली. तिनेही तिथेच चौकट आखली.

“अहो, कुठली तरी एक ठरवा आता!” बायको वैतागली.

“दोघींचं साटंलोटं दिसतंय,” तो पुटपुटला.

तिसरी घातल्यावर त्याने परीक्षा म्हणून सिंचनाचा ताजा फोटो काढून त्यात चढवला. उगादीच्या फोटोतल्या सिंचनाला वगळून सिस्टीमने हा ताजा चेहरा आणि ती रिकामी खुर्ची शेजारी-शेजारी मांडून विचारलं: ‘ही एकच व्यक्ती आहे का?’

त्याच्या खांद्यामागून सिंचना म्हणाली, “‘हो’ दाब ना, अप्पा.”