होडकं वर घ्या

होडकं तिसऱ्यांदा येऊन बोटीच्या मागच्या अंगाला आपटलं, तेव्हा तिने सुकाणू धरल्या धरल्याच नवऱ्याला सुनावलं, "अहो, आता तरी ते वर घ्या."

"राहू दे की. तुझं काय खातंय ते?"

काय खातंय ते दिसतच होतं. सकाळी गरीब गाईसारखं मागून तरंगत येणारं होडकं वारा वाढल्यापासून उधळलं होतं. लाट आली की तिच्या पाठीवरून घसरत थेट बोटीवर चालून यायचं. मग मागे पडायचं, आणि दोराला असा हिसका बसायचा की शिडाची ती एवढी मोठी बोट, पण तिचंही अंग हादरायचं. रेडिओवर सांगितलं होतं, संध्याकाळपर्यंत वारा आणखी चढणार. एखाद्या धडकेत सुकाणूच मोडलं तर दोघांना देवच वाली.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. उमेदीची सगळी वर्षं लोकांच्या बोटी दुरुस्त करण्यात गेलेली. खवळलेल्या पाण्यात होडकं मागे बांधतो तो गाढव, हे तिने त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. आणि आज तोच कारणं शोधत होता. आधी म्हणाला, वारा पडेल. मग म्हणाला, दोर नवा आहे. मग त्याची कंबर दुखायला लागली. खोटं बोलायची सवय नसली की माणसाचं असं होतं.

खरं कारण तिला ठाऊक होतं. होडकं वर घेतलं तर ते ठेवायला डेकवर जागा एकच, डोलकाठीच्या पुढे, पालथं. त्याच्या बरोबर खाली खारीची केबिन. खार म्हणजे त्यांची लेक. पाय फुटल्यापासून डोलकाठीवर चढायची म्हणून खार. केबिनला उजेड आणि वारा यायचा तो छतातल्या काचेच्या झडपेतून. होडकं वर आलं की झडप झाकली जायची, आत मिट्ट काळोख व्हायचा आणि खार कुरकुरायची, "बाबा, गुदमरतं मला." म्हणून बाप जमेल तितकं होडकं मागेच ओढायचा.

खार जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. हॉस्पिटलच्या एका खोलीत गेली, बोटीपासून लांब. शेवटी शेवटी तिला श्वासच पुरत नव्हता. त्यानंतर दोघं समुद्रावर आले होते ते आजच.

होडकं पुन्हा आपटलं. या खेपेला फळी चिरल्याचा आवाज आला.

"तिथे कोणी नाहीये हो!" ती ओरडली. "खाली कोणी नाहीये!"

बोलून गेल्यावर तिलाच ते ऐकवेना. थोबाडीत बसलेल्या माणसासारखं त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तो उठून दोर ओढायला लागला. बोटीचं तोंड वाऱ्याकडे वळवून त्यांनी ती जागच्या जागी थोपवली, सुकाणू बांधून टाकलं. शीड चढवायचा दोर होडक्याला अडकवला. कप्पी किरकिरली आणि होडकं पाणी गाळत वर आलं.

"झडप किलकिली आहे," तो पाठमोराच म्हणाला. "आतून कडी लावावी लागेल. माझ्याच्याने नाही व्हायचं ते."

केबिनमध्ये हवा खेळावी म्हणून त्याने झडप उघडी ठेवली होती, हे तिला माहीतच नव्हतं.

ती खाली गेली. केबिनचं दार कुरकुरलं. गादी होती तशीच होती. झडपेशेजारी छताच्या पांढऱ्या रंगावर टाचांचे काळपट डाग होते. होडकं बांधून झालं की बाप वरून त्याच्या पाठीवर दोनदा ठोकायचा, झालं म्हणून. आणि लेक आतून पडल्या पडल्या छताला तीन लाथा हाणायची, निषेध म्हणून. त्या डागांवरून ती लेकीला किती बोलली होती! "तूच पूस आता," म्हणून फडकं आणून उशाशी टाकलं होतं. फडकं अजून तिथेच होतं, कोरंच्या कोरं.

तिने कडी लावली. डोक्यावरचं चौकोनी आभाळ एका कडेने होडक्याखाली झाकलं जात गेलं आणि काळोख झाला. दिव्याचं बटण हाताशी होतं, पण तिने ते दाबलं नाही. वर दोर आवळल्याचे, गाठी मारल्याचे आवाज येत राहिले. मग थांबले.

टक. टक.

सवयीने त्याचा हात गेला असणार. आणि लगेच लक्षातही आलं असणार, कारण वर एकदम सामसूम झाली. पाऊल उचलल्याचासुद्धा आवाज नाही.

ती लेकीच्या गादीवर आडवी झाली. खार बापाच्या वळणावर गेलेली, उंच. हिचा पाय छताला पुरेना. तिने उशी कंबरेखाली सारली, टाच वर नेली आणि लाथा हाणल्या. एक. दोन. तीन.

वर कोणीतरी धपकन खाली बसलं, होडक्याला टेकून. मग त्याचा आवाज आला, चिरका.

"ऐकलं गं, ऐकलं. झोप आता."

अख्ख्या संसारात त्याचं कधी एक न ऐकलेल्या त्या बाईने मुकाट्याने डोळे मिटले.