वारं कमी पडलं

सोपान व्यापाऱ्यानं टेम्पोचा फाळका खाली पाडला आणि पहिली मेंढी पुढं ढकलली. ती पाय रोवून उभी राहिली. गेणूनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा ती चढली. दुसरी तिच्या मागोमाग गेली.

मोरगावच्या पलीकडल्या माळावर गेणूची वस्ती होती. मागच्या टेकाडावर सरकारी माणसांनी वर्षापूर्वी वारा मोजायला एक उंच लोखंडी खांब उभा केला होता. त्याच्या टोकाला वाट्या गरगरत असायच्या. वारा भरपूर निघाला तर कंपनी इथं विजेचे पंखे उभारणार आणि गायरानाला तारेचं कुंपण पडणार, असं गावात बोललं जात होतं. वारा भरपूर आहे याविषयी गेणूला शंकाच नव्हती. वैशाखात त्याच्या छपराचा पत्रा उडून ओढ्यात पडला होता. चराईच जाणार तर कळप कशाला ठेवायचा? त्यानं सगळी मेंढरं सोपानला देऊन टाकायचं ठरवलं.

"आबा, मन घट्ट करा," सोपान म्हणाला. "कुंपण पडल्यावर इकाय गेला असता तर लोकांनी मातीमोलानं मागितली असती."

गेणूनं उरलेली मेंढरं चढवली आणि सोपाननं फाळका लावला.

तेवढ्यात धूळ उडवत एक जीप आली आणि टेकाडाच्या पायथ्याला थांबली. एक साहेब उतरला, त्याच्यामागं दोर घेतलेली दोन माणसं. ती तिघं वर चढू लागली.

"आखणी करायला आलं," गेणू म्हणाला.

त्याची सून मनिषा डोक्यावरचा हंडा उतरवून तिकडं बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "मामा, त्यांनी खांबाच्या तारा सोडाय घेतल्यात."

गेणू टेकाड चढून गेला. त्याला धाप लागली होती.

"सायेब, कुंपण कुठवर घालणार?"

"कसलं कुंपण? खांब काढून नेतोय, बाबा. वारा कमी पडला इथं."

"कमी? माझा पत्रा उडालाय, सायेब."

"उडाला असेल एखाद्या दिवशी. आम्ही वर्षभराची सरासरी धरतो. तिच्यात ही जागा बसली नाही." साहेबाचा आवाज थकलेला होता. "करात सूट मिळतेय म्हणून कंपन्या पैसा घालायला तयार आहेत. पण जिथं वीज जास्त निघेल तिथंच घालतील ना? सगळ्या चालल्यात साताऱ्याकडच्या पठारावर."

गेणू तिथंच एका दगडावर बसला. मुंडासं सोडून त्यानं तोंड पुसलं आणि बराच वेळ तोंड त्यातच धरून ठेवलं. त्याचे खांदे हलत होते.

साहेब जवळ आला. "वाईट वाटणारच. रस्ता झाला असता, वस्तीवर लाईट आली असती. नुकसान झालं तुमचं, मला कळतं."

"व्हय," मुंडाशातून गेणूचा आवाज आला. "लई नुकसान झालं."

मनिषाही मागोमाग वर आली होती. लाईटची वाट तिनंच जास्त पाहिली होती. खांब हळूहळू आडवा होताना ती बघत होती.

"आन् त्या पठारावर मेंढरं न्हाईत व्हय, सायेब?" तिनं विचारलं.

साहेब तार गुंडाळत होता. त्याचा हात थांबला. "असतील," तो म्हणाला आणि पुन्हा गुंडाळू लागला.

गेणूनं सुनेकडं पाहिलं. मग उठून तो उतार उतरू लागला, पोरासारखा, दगडांवरून घसरत.

"सोपानराव, मेंढरं उतरवा."

"आबा, सौदा झालाय आपला."

"इसाराचं पैसं परत न्या. वर एक कोकरू न्या. पण उतरवा."

सोपाननं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, टेकाडाच्या मोकळ्या माथ्याकडं पाहिलं आणि हसून फाळक्याला हात घातला. फाळका पुरता पडायच्या आतच पहिल्या मेंढीनं उडी घेतली.

दुपारी कळप टेकाडावर पांगला होता. खाली जीपच्या सावलीत साहेब आणि त्याची माणसं मनिषानं दिलेली भाकरी खात बसली होती. एकाएकी वारा सुटला. गवत आडवं झालं, मेंढरांनी पाठी फिरवल्या. गेणूनं एका हातानं मुंडासं दाबून धरलं, जीपकडं एकवार नजर टाकली आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"हळू रं बाबा. सायेब अजून खालीच हाय."